म्हटलं ‘कॅन’, ऐकू आलं ‘कॅन्ट’

वाचकाचं पत्र

मी हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते. मूळची लातूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल होता. त्यांनी विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का? मी म्हटलं, ‘वी कॅन फिनिश इट बाय फ्रायडे.’ त्यांना ऐकू आलं ‘कॅन्ट’. त्यांनी थेट वरच्या लोकांना मेल टाकला की टीमने ऐनवेळी हात वर केले. नंतर खुलासा झाला, पण मॅनेजरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, ‘जरा ॲक्सेंटवर काम कर.’ तेव्हापासून कॉलवर तोंड उघडायची भीती वाटते. एका क्लासमध्ये चौकशी केली, तर 3 महिन्यांचे 18,000 रुपये सांगितले. भरू का? आणि माझं नेमकं चुकलं काय?

ता. क. माझी भाची पुण्यात इंग्रजी शाळेत आहे. मी ‘कॅन्ट’ म्हटलं की ती म्हणते, ‘मावशी, कान्ट म्हणायचं.’ आमच्यात बरोबर कोण?

उत्तर

पैसे भरू नका. निदान या एका कारणासाठी तरी नको. तुमची अडचण एका शब्दाची आहे आणि गंमत म्हणजे तो शब्द तुम्ही वाईट उच्चारला नाहीत. फार चांगला उच्चारलात, म्हणूनच घोटाळा झाला.

शाळेत आपल्याला काय शिकवतात? ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांत फरक शेवटच्या ‘ट’चा. मलाही तेच शिकवलं आणि पुढे 31 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मीही तेच शिकवलं, हे कबूल करायला हवं. फळ्यावर ते खरंच आहे. पण अमेरिकन माणूस बोलण्याच्या ओघात हा ‘ट’ बहुतेक वेळा उच्चारतच नाही. जीभ ‘ट’च्या जागेवर जाते, श्वास क्षणभर अडतो आणि लगेच पुढचा शब्द सुरू होतो. ‘आय कॅन्ट टेल यू’, ‘आय कॅन्ट डू इट’ यांत तर तो ‘ट’ पुढच्या ‘ट’मध्ये, ‘ड’मध्ये विरघळून जातो. म्हणजे ज्या अक्षराच्या भरवशावर आपण हो आणि नाही वेगळं करायला बसलोय, ते अक्षर त्यांच्या कानाला मुळात अपेक्षितच नसतं.

मग ते ओळखतात कशावरून? स्वरावरून. नकार असेल तर ‘कॅ’ भरघोस येतो, त्यावर जोर असतो. होकार असेल तर ‘कॅ’ उरतच नाही. ‘वी कॅन फिनिश’ असं ते म्हणत नाहीत, ‘वी कन फिनिश’ म्हणतात. ‘कन’. आपल्या ‘कनक’ शब्दातला पहिला तुकडा असतो ना, तेवढाच आणि तसाच. कधी कधी तर ‘क्न’ इतकंच.

आता तुमचं वाक्य त्यांच्या कानाने ऐका. भरघोस ‘कॅन’, त्यावर जोर, पाठोपाठ ‘फिनिश’. त्यांच्या हिशेबात जोरदार ‘कॅ’ म्हणजे नकार. ‘ट’ ऐकू आला नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण तो एरवीही येत नाही. तुम्ही स्वच्छ होकार दिलात आणि त्यांनी तितकाच स्वच्छ नकार ऐकला.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. शेजारच्या बाईंनी जेवायला बोलावलं आणि आधी विचारून घेतलं, काय चालतं, काय चालत नाही. मी मांस-मासे खात नाही, अंडं खाते. तसं छान ठासून सांगितलं, ‘आय कॅन ईट एग्ज.’ गेले तर काय, बिचारीने केकसुद्धा बिनअंड्याचा केलेला. कुठून कुठून पाककृती शोधून. माझ्या ताटात अंड्याचा अंशही येऊ नये म्हणून तिने जो आटापिटा केला होता तो पाहून खरं सांगायचा धीर झाला नाही. पुढचे दोन महिने मी त्या घरी अंडं न खाणारी म्हणूनच वावरले. इंग्रजीत एम. ए. केलेली बाई!

आपल्याकडून हे का होतं, तर आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. आमच्या वेळी ते पाचवीपासून होतं, 2000 पासून राज्यात पहिलीपासून आलं, पण शिकायचं साधन पुस्तकच राहिलं. पुस्तकात ‘कॅन’ दर वेळी सारखाच छापलेला. शिवाय मराठीत अक्षराला अक्षर मोजून उच्चारणं हे शुद्धतेचं लक्षण. तोंडात शब्द खाणाऱ्या मुलाला बाई उभं करतात.

पण मराठीतही आपण शब्द खातो, फक्त ते कुणी दाखवून देत नाही. ‘तू काय करतो आहेस?’ असं घरात कोण विचारतं? ‘काय करतोयस?’ असंच म्हणतो. ‘मी येते आहे’चं ‘येतेय’ होतं, ‘कुठे आहे’चं ‘कुठाय’. ‘आहे’ हे सहायक क्रियापद रोजच्या वापरात इतकं झिजलं की त्याचा नुसता ‘य’ उरला. आणि तरी जिथे गरज पडते तिथे ते पूर्ण उभं राहतं. ‘डबा घेतलायस ना?’ असं आईने विचारलं तर उत्तर येतं, ‘हो, आहे!’ तिथे ‘हो, य’ म्हणून चालत नाही.

इंग्रजी ‘कॅन’चं अगदी असंच आहे. वाक्याच्या मध्ये, पुढे मुख्य क्रियापद असताना तो ‘करतोय’मधल्या ‘य’सारखा आक्रसतो. वाक्याच्या शेवटी आला की पूर्ण होतो: ‘येस, आय कॅन.’ ओबामांची 2008 सालची घोषणा आठवा, ‘येस वी कॅन’. तिथे ‘कॅन’ शेवटी आहे, म्हणून भरघोस आहे. त्यापुढे एखादं क्रियापद जोडलं असतं तर तोच शब्द लगेच अंग चोरून बसला असता. कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं आणि तुम्ही उलटून ‘आय कॅन डू इट!’ म्हणालात, तर तिथेही पूर्ण ‘कॅन’ बरोबर, कारण जोर मुद्दाम दिलाय. एरवी नाही. प्रश्नाच्या सुरुवातीलासुद्धा बहुधा ‘कन यू हिअर मी?’ असंच असतं.

एक ‘कॅन’ मात्र कधीच झिजत नाही: पाण्याचा. ऑफिसात येतो तो 20 लिटरचा. तो नाम आहे, त्यामुळे वाक्यात कुठेही ठेवा, पूर्णच उच्चारायचा. आपण मराठी माणसं सहायक क्रियापदाच्या जागी दर वेळी हाच 20 लिटरचा कॅन उचलून आणतो. वाक्य उगाच जड होतं.

उच्चाराची आणखी एक बारीक गोष्ट, आणि ती तुम्हाला कुठल्याही क्लासपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही मराठी लिहिता. ‘अंक’, ‘कंप’, ‘संत’ हे शब्द मोठ्याने म्हणा. अनुस्वार एकच, पण ‘क’च्या आधी तो ‘ङ’ होतो, ‘प’च्या आधी ‘म’, ‘त’च्या आधी ‘न’. जीभ पुढच्या अक्षराची तयारी आधीच करते. झिजलेल्या ‘कन’मधला ‘न’ हेच करतो. ‘कॅन गो’ पटकन म्हटलं की ‘कंगो’ होतं, ‘कॅन बी’चं ‘कंबी’. म्हणून सरावासाठी वहीत सरळ अनुस्वार देऊन लिहा: ‘आय कंगो’, ‘वी कंफिनिश’, ‘इट कंबी डन’. कुणी पाहिलं तर हसेल, हसू द्या.

सराव इतकाच. दोन-दोन वाक्यांच्या जोड्या घ्या. ‘आय कन सी यू’ आणि ‘आय कॅन्ट सी यू’. पहिल्यात टाळी एकदाच, ‘सी’वर. दुसऱ्यात दोन टाळ्या, ‘कॅन्ट’वर आणि ‘सी’वर. ‘ट’ आपटू नका, श्वास रोखून सोडून द्या. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको, कारण आपण काय म्हणालो ते कानाला आधीच ठाऊक असतं. तुमचं तुम्हालाच ओळखता आलं की झालं. रोज 10 मिनिटं, पंधरा दिवस. फी काही नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला उच्चारापेक्षा महत्त्वाची वाटते. ज्या उत्तरावर शुक्रवार अवलंबून आहे, ते उत्तर ‘कॅन’च्या खांद्यावर टाकूच नका. अमेरिकन आणि इंग्रज लोकांचाही एकमेकांशी बोलताना इथे गोंधळ होतो. विमानाच्या रेडिओवर वैमानिकाला नियंत्रण कक्षाची सूचना पाळणं शक्य नसेल, तर त्यासाठी ठरवून दिलेला शब्द आहे ‘अनेबल’. होकाराला ‘अफर्म’, नकाराला ‘निगेटिव्ह’. खरखरत्या रेडिओवर एकमेकांसारखे न वाटणारे शब्द निवडलेले आहेत. तुमच्या कॉलचं नेटवर्कही काही फार वेगळं नसतं. तेव्हा आधी ‘येस’ किंवा ‘नो’, मग वाक्य: ‘येस, फ्रायडे वर्क्स.’ ‘येस, वी विल फिनिश बाय फ्रायडे.’ जमणार नसेल तर ‘नो, वी वोन्ट बी एबल टू.’ आणि कॉल संपल्यावर दोन ओळींचा मेल. मेलमध्ये ‘कॅनॉट’ लिहाल तर एक शब्द म्हणून जोडून लिहा, तोडून नको.

तुमचं व्याकरण चांगलं असणारच. पण या शब्दाच्या वापरात व्याकरणाच्या पुस्तकातून निसटणाऱ्या काही जागा आहेत आणि टेस्टिंगच्या कामात त्या रोज भेटतात.

सगळ्यात घातक जागा म्हणजे ‘कुड’. ‘काल मी तपासणी पूर्ण करू शकले’ याचं आपण ‘आय कुड कम्प्लीट द टेस्टिंग यस्टरडे’ करतो. समोरच्याला ते अर्धवट वाटतं. करू शकले असते? मग केलं की नाही? एखादी गोष्ट एका वेळी प्रत्यक्ष जमली असेल तर ‘कुड’ नाही, ‘वॉज एबल टू’ म्हणतात: ‘आय वॉज एबल टू कम्प्लीट इट.’ किंवा त्याहून बरं, सरळ ‘आय कम्प्लीटेड इट.’ पूर्वी अंगात असलेल्या क्षमतेला ‘कुड’ चालतो: लहानपणी मला झाडावर चढता यायचं, ‘आय कुड क्लाइम्ब ट्रीज.’ आणि नकारात काहीच अडचण नाही, ‘आय कुडन्ट कम्प्लीट इट’ अगदी बरोबर. अडतं ते फक्त एका वेळच्या होकारात, आणि आपले स्टेटस अपडेट नेमके तसलेच असतात.

(या ‘कुड’च्या स्पेलिंगमध्ये जो ‘एल’ आहे तो फुकटचा. ‘शुड’ आणि ‘वुड’ या शब्दांत तो खानदानी आहे, ‘शॅल’ आणि ‘विल’कडून आलेला, एके काळी उच्चारलाही जायचा. ‘कुड’मध्ये तो कधीच नव्हता. सुमारे 500 वर्षांपूर्वी शेजाऱ्यांचं बघून लोक तो लिहायला लागले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या.)

दुसरी जागा ऐकण्या-दिसण्याची. ‘माझा आवाज येतोय का?’ हे मराठीत किती सहज आहे. त्याचं आपण ‘इज माय व्हॉइस कमिंग?’ किंवा ‘ॲम आय ऑडिबल?’ करतो. समजतं त्यांना, पण ते स्वतः ‘कन यू हिअर मी?’ म्हणतात. स्क्रीन दिसत नसेल तर ‘युवर स्क्रीन इज नॉट व्हिजिबल’ऐवजी ‘आय कॅन्ट सी युवर स्क्रीन.’ इंग्रजीत दिसणं, ऐकू येणं, वास येणं या गोष्टींना ‘कॅन’ची जोड लागते. आपल्याला लागत नाही, कारण आपल्याकडे ‘दिसणं’ हा शब्दच वेगळा आहे. मराठीत ‘मी पाहू शकत नाही’ म्हणणारा माणूस आंधळा तरी असतो किंवा भाषांतरकार तरी.

तिसरी जागा नाजूक आहे. सहकाऱ्याला आपण म्हणतो, ‘यू कॅन सेंड मी द फाइल.’ मनात असतं, ‘फाइल पाठवून द्या हं.’ त्याला ऐकू येतं, ‘तुला फाइल पाठवायची परवानगी आहे.’ विनंती असेल तर ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ इथला ‘कुड’ भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे. आपण ‘देता का?’च्या जागी ‘द्याल का?’ म्हणतो तसा. ‘कॅन यू’ चुकीचं नाही, बरोबरीच्या माणसाला खुशाल म्हणा. आणि ‘मे आय’चा धाक मनातून काढून टाका. ‘मे आय कम इन’ हे आपल्या शाळांमध्ये जितक्या वेळा म्हटलं जातं तितकं इंग्रजी भाषिक जगात कुठेच म्हटलं जात नसावं. ‘कन आय कम इन?’ पुरेसं सभ्य आहे.

उलट दिशेचीही एक तक्रार करून घेते, सदर माझंच आहे. हल्ली प्रत्येक ॲपवर मराठीत विचारतात, ‘मी तुमची काय मदत करू शकतो?’ हा मराठीचा पोशाख घातलेला ‘कॅन’ आहे. दुकानदार ‘काय देऊ?’ म्हणतो, आपण ‘आत येऊ का?’ विचारतो, ‘जरा सरकता का?’ म्हणतो. शक्य आहे की नाही याची चौकशी कुणी करत नाही. आपल्याकडे येणं, जमणं, शकणं, चालणं आहे, आणि वर ‘बघवत नाही’, ‘खाववत नाही’ अशी शक्य क्रियापदं आहेत. ‘आय कॅन्ट बेअर टू वॉच’ या सगळ्या लटांबराला ‘बघवत नाही’ पुरतं. ‘आय कॅन्ट हेल्प लाफिंग’ म्हणजे ‘हसू आवरत नाही’. त्यात मदतीचा काही संबंध नाही. इतकी कामं इंग्रजीत एकट्या ‘कॅन’ला करावी लागतात. दिवसात हजार हातांतून जाणारं नाणं झिजणारच.

मुळात हा ‘कॅन’ आपला लांबचा नातेवाईक आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘जाणणं’. ‘नो’ म्हणजे माहीत असणं, स्कॉटलंडमधला ‘केन’ आणि संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू, ज्यातून आपलं ‘जाणणं’ आलं, हे सगळे एकाच मुळाचे. ‘अनकूथ’ म्हणजे आज गावंढळ, पण आधीचा अर्थ अनोळखी. आणि तो घडणीने आपल्या ‘अज्ञात’चा सख्खा भाऊ आहे. पुण्यात जर्मन शिकलेली कुणी मैत्रीण असेल तर विचारा: ‘मला जर्मन येतं’ हे ती ‘इख कान डॉइच’ असं म्हणेल, शब्दशः ‘मी जर्मन कॅन’. आपल्या ‘येतं’ची जागा तिथे ‘कॅन’च्या भावाने घेतलीय.

आता मॅनेजरांबद्दल. ‘ॲक्सेंटवर काम कर’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण त्यात काय करायचं ते नाही. सगळ्यांसमोर दिला म्हणून अपमानकारकही आहे. तुम्ही लातूरच्या बोलता हे काही बिघडलेलं यंत्र नाही. ‘व’ आणि ‘डब्ल्यू’ एकच उच्चारलात, ‘ट’ मराठी उच्चारलात, तरी कुणाचं काही अडत नाही, लोक दोन मिनिटांत सरावतात. ‘कॅन’चं वेगळं एवढ्यासाठीच की इथे अर्थ उलटा होतो. मॅनेजरांना एकट्यात गाठून सांगा की घोळ कशामुळे झाला आणि यापुढे तारखा मेलवर पक्क्या करणार आहोत. शक्य तर त्यांनाही ‘वी कॅन फिनिश’ म्हणायला लावा. माझी पैज आहे, तेही 20 लिटरचाच कॅन आणतील.

कॉलवर बोलणं मात्र थांबवू नका. पुढच्या कॉलला पहिलं वाक्य तुम्ही टाका, ‘हाय, कन यू हिअर मी?’ त्यात सरावही होतो आणि त्याचं उत्तर काहीही आलं तरी डेडलाइनला धक्का लागत नाही.

ता. क.ला ता. क. भाचीचं ‘कान्ट’ ब्रिटिश आहे, तुमचं ‘कॅन्ट’ अमेरिकन. दोन्ही बरोबर. तिच्या पद्धतीत एक सोय आहे, ‘कन’ आणि ‘कान्ट’ यांत घोटाळा व्हायला जागाच उरत नाही. पण तिला एक सांगून ठेवा: त्यातला ‘आ’ चांगला लांब ओढायचा. तो आखडला आणि ‘कंट’ झालं, तर इंग्रजीतली जी शिवी तयार होते तिचा अर्थ मावशीला विचारायची वेळ येईल.